साचेवाले मोरे, अविवाहित

काळाचौकीच्या आमच्या खोलीत आम्ही अकराजण राहायचो. त्यांत सगळ्यांत जास्त पगार किसन मोरे यांचा, आणि लग्न परवडत नाही असा माणूसही एकच, तेच किसन मोरे. घडीखात्यात कापडाचे तागे उचलणारे, गोडाऊनात हमाली करणारे, बदलीचं काम मिळेल म्हणून रोज गिरणीच्या गेटावर ताटकळणारे, सगळे लग्नाचे. बायका गावाला, उसनवारी इथे, तरी लग्नाचे. मोरेभाऊ मात्र दोन साच्यांवरचे कायम कामगार, चाळिशीला टेकलेले, केसाला रोज तेल, धोतराला नीळ, आणि एकटे.

कारण मला ठाऊक होतं. खोलीत दुसऱ्या कुणाला नव्हतं. ते इथेच सांगून टाकतो, कारण तेव्हा ते पोटात ठेवून मी फार घाबरलेलो होतो, आणि पुन्हा तसं घाबरायचं माझं वय राहिलेलं नाही. मोरेभाऊ महार होते, आणि महाराला साचेखात्यात काम मिळत नसे.

हे कुठल्या कायद्यात नव्हतं. ते धोट्यात होतं. साचा म्हणजे माग. त्याच्यावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, होडीच्या आकाराचा, लाकडी, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते बोटांना सापडत नाही. भोकाला तोंड लावून श्वासाबरोबर ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला पहिल्या पाळीत राजापूरच्या कुणब्याचं तोंड, दुसऱ्या पाळीत मदनपुऱ्याच्या मोमिनाचं, तिसरीत आणखी कुणाचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. महाराचं तोंड लागलं तर मात्र धोटा बाटणार. क्षयाचा खोकला त्याच भोकातून सगळ्यांना सारखा वाटला जायचा, पण त्याला कुणी जात विचारली नव्हती.

असं हे सगळं. साचेखात्याचा भारी पगार एका बाजूला, महारांना जिथे घेत त्या सूत कातायच्या रिंगखात्याचा हलका पगार दुसऱ्या बाजूला, आणि मधली भिंत धोट्याएवढी.

मोरेभाऊ ती ओलांडून कसे आले? त्यांच्या मते, आलेच नाहीत. त्यांना आणून बसवलं. सातवी पास होऊन, गावाला मजुरीत दहा-बारा वर्षं घालवून ते साताऱ्याकडून मुंबईला आले आणि गेटावर उभे राहिले. साचेखात्याच्या जॉबरनं, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमानं, विचारलं, "नाव?"

"किसन मोरे."

"साताऱ्याकडचा?"

"हो."

"म्हणजे आपलाच की. चल आत."

"मी खोटं बोललो नाही," मोरेभाऊ मला सांगायचे. "जॉबर बोलला. मी नुसती मान खाली घातली. वडीलधाऱ्यांसमोर वर मान करू नये, असं आमच्यावर संस्कार आहेत."

जातीनं मराठा झाल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न आला. साताऱ्याच्या लोकांत राहिले असते तर आठ दिवसांत पकडले गेले असते. घाटावरचा माणूस भेटला की तीन प्रश्न विचारतो: गाव कुठलं, पाहुणे कोण, देवक काय. म्हणून ते आम्हा कोकणातल्यांत येऊन राहिले. आम्हाला घाटावरचे सगळे सारखेच दिसायचे. आमच्या दृष्टीनं ते सगळे बाजरी खाणारे, एवढीच त्यांची जात.

त्यांची एक सवय खोलीत प्रसिद्ध होती. पाण्याचा पेला त्यांचा स्वतःचा, ताट स्वतःचं. दुसऱ्याच्या तांब्याला हात लावायचे नाहीत. आबा राणे, आमच्या खोलीचे वडील, मालवणकडचे, घडीखात्यात तिसेक वर्षं काढलेले. ते नव्या येणाऱ्याला मोरेभाऊ दाखवायचे. "बघ, ह्येका म्हणतत सोवळा. भटाच्या घरात मिळाचा नाय असा."

मी एकदा मोरेभाऊंना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "उद्या कळलं तर तुमची भांडी घासायचा भुर्दंड मला नको. माझं माझं वेगळं आहे, कुणाचं काही बाटलेलं नाही. हिशेब चोख." असं म्हणून ते हसले. त्यांचं हसणं असं होतं की आपण हसावं की नाही ते कळायचं नाही. मी नेहमी थोडा हसून थांबायचो.

मी पाचवीतून शाळा सोडून आलेला, कुणी गैरहजर असला की त्याच्या साच्यावर उभा राहणारा बदलीवाला. गावाला आई आणि दोन बहिणी. मोरेभाऊंनी मला हाताशी धरून साचा शिकवला. बदलीवाल्याला कुणी शिकवत नसतं, कारण शिकला की तो आपलीच जागा घेणार. मोरेभाऊ म्हणायचे, "माझी जागा घेशील तेव्हा घेशील. आधी गाठ नीट मार." तुटलेल्या सुताची गाठ ते एका हातानं मारायचे. दुसऱ्या हातात धोटा.

आबांना एक छंद होता, लग्नं जमवण्याचा. त्यात भावना वगैरे नव्हती, त्यात अर्थशास्त्र होतं. त्यांच्या मते एकटा पुरुष म्हणजे गळकी बादली. खानावळीचे पैसे जातात, विडीचे जातात, उरलेले शनिवारी जातात. लग्न केलं, बायको मुंबईला आणली की ती दहा जणांचा डबा करते, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंगखात्यात कामालाही जाते, म्हणजे पगार दीडपट. "बायल म्हणजे मिळकत," असं ते म्हणायचे, आणि स्वतःची मिळकत त्यांनी वीस वर्षं मालवणलाच ठेवली होती.

स्थळ आणलं की मुलीकडचे पहिला प्रश्न विचारत, "कुठल्या खात्यात?" साचेखातं म्हटलं की चेहरे खुलत. पगार कळला आणि जातही कळली, पत्रिका कशाला पाहायची? असा साचेवाला खोलीत पडून होता आणि आबांच्या हाताला लागत नव्हता.

"काय रे मोऱ्या, तुका लगीन करूचा नाय काय? परळची मुलगी हा. वाइंडिंगात कायम. रंगान उजळ."

"आबा, उजेडात मला झोप येत नाही."

"मागच्या टायमाक म्हणालंस, सावळी हा."

"तेव्हा दिसली नव्हती."

"मगे संन्याशी होतलंस?"

"संन्याशाला पगार नसतो. माझा पगार तुमच्या डोळ्यांत आहे, तोवर मी संसारीच."

खोली हसायची. आबांना राग यायचा नाही, कारण असा सोवळा, निर्व्यसनी, दोन साच्यांचा माणूस टिकून आहे म्हणजे दर आठवड्याला नवं स्थळ आणायची सोय टिकून आहे. मी मात्र त्या हसण्यात घामाघूम व्हायचो. ते एका रविवारपासून.

खोलीत पत्र कुणाचंही येवो, ते सगळ्यांचं असे. पोस्टकार्डच ते, उघडंच. रविवारी चुलीवर मटण चढलं की आठवड्याची पत्रं मोठ्यानं वाचायची. वाचणारे मोरेभाऊ, कारण सातवी पास. त्यांची स्वतःची पत्रं खोलीवर कधी यायची नाहीत. भायखळ्याच्या एका चहावाल्याच्या पत्त्यावर यायची. त्या खेपेला त्यांच्या आईनं पत्र लिहायला कुणी नवा माणूस गाठला आणि त्यानं इमानदारीनं खोलीचा पत्ता घातला. मोरेभाऊ नळावर आंघोळीला गेलेले. आबांनी कार्ड माझ्याकडे टाकलं. "दत्त्या, तू वाच. मोऱ्याच्या घराकडचा हा."

मी वाचायला लागलो. "चिरंजीव किसन यास आईचा अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. आपल्या..."

पुढची ओळ अशी होती: आपल्या महारवाड्यानं दीक्षा घेतली, देव नदीत सोडले.

"आपल्या," मी पुन्हा म्हणालो. "आपल्या म्हशीला... आपली म्हैस व्याली."

"मोऱ्याकडे म्हस हा?" आबा सरसावून बसले. "कधी बोलूक नाय. रेडो काय पारडी?"

"पारडी."

"दूध किती देता?"

"आठ शेर."

"आठ?" घडीखात्यातला एकजण म्हणाला. "साताऱ्याकडं आठ शेर? काय खाते काय?"

मी कार्डाकडे पाहत राहिलो. तिथे म्हैस काय खाते ते लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात दारात ओला पंचा गुंडाळलेले मोरेभाऊ दिसले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. शांतपणे म्हणाले, "आठ नाही, सहा. आई वाढवून सांगते." आणि माझ्या हातातून कार्ड घेतलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. मला वाटलं, आता हा माणूस मला घाबरणार किंवा मी त्याला. ते म्हणाले, "म्हैस कशाला रे? आता दर रविवारी तिची चौकशी होणार. शेळी सांगितली असतीस तर एखाद्या सणाला कापून मोकळा झालो असतो."

मी म्हणालो, "मी कुणाला सांगणार नाही."

"ते मला माहीत आहे. तू भित्रा आहेस. भित्र्या माणसाजवळ गोष्ट सुरक्षित असते."

मग त्यांनी कार्डातला उरलेला भाग वाचून दाखवला. आईनं मुलगी पाहिली होती. शेवंता. भायखळ्याला मामाकडे राहते, गिरणीत जमिनीवर पडलेला कापूस वेचायला जाते. दीक्षा घेतलेली. आता तरी लग्न कर, मी किती दिवस वाट पाहू?

"करा की मग," मी म्हणालो.

"केलं की पाहुणे येणार. मामा येणार, मेहुणे येणार. वाडा कुठला ते सगळ्या चाळीला कळणार, दुसऱ्या दिवशी गिरणीला. मला रिंगखात्यात टाकणार. म्हणजे मी एकटा आहे तोवर जेवढं कमावतो, त्यापेक्षा लग्नानंतर आम्ही दोघं मिळून कमी कमावणार. एक आणि एक मिळून एकापेक्षा कमी. असली बेरीज पाचवीपर्यंत होती का तुला?"

नव्हती.

तरी ते शेवंताला भेटायला गेले, आणि मला सोबत नेलं. शेवंता तिशीची असेल. हाताच्या बोटांना कापसाचे तंतू चिकटलेले, नजर सरळ. मामानं चहा दिला. मोरेभाऊंनी आपली अडचण फार छान शब्दांत मांडली. लग्न करू, पण बोभाटा नको. ती भायखळ्याला राहील, आपण काळाचौकीला, रविवारी येत जाऊ. साचा टिकेल, पैसे साठतील.

शेवंतानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे लगीन माझ्यासंगं आन् संसार साच्यासंगं."

"तसं नाही."

"तसंच हाय. मला चोरून बायकू व्हायचं न्हाई. आत्ताच देव सोडल्यात, आता लपायचं कुणापास्नं? उघड करायचं आसंल तर या. पुढल्या पुनवेपातूर वाट बघीन. मला दुसरं बी सांगून आलंय."

परत येताना मोरेभाऊ पुलापाशी थांबले. मग म्हणाले, "आबांनी आणलेल्या सगळ्या मुलींनी माझा पगार विचारला. ही पहिली, जिनं विचारला नाही. धोका इथेच आहे."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबागला रोज सभा, भिंतीवर चुना, मुलांच्या तोंडी घोषणा. सत्याग्रहाच्या तुकड्या निघायच्या, लोक अटक करवून घ्यायचे. मोरेभाऊ प्रत्येक सभेला जायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे. परत येताना मला म्हणायचे, "मुंबई महाराष्ट्रात आलीच पाहिजे, यात वाद नाही. रिंगखात्यातून साचेखात्यात यायला कुठला मोर्चा काढायचा, तेवढं कुणी सांगत नाही." शेवंताला मात्र त्यांनी निरोप पाठवला होता, चळवळ संपू दे, मग बघू. एवढी मोठी चळवळ त्यांनी लग्न पुढे ढकलायला वापरली.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आमच्या चाळीची तुकडी निघाली. निघताना नाक्यावर आबांनी भाषण केलं. त्यात मराठी माणसात भेद नाही, सगळे एका आईची लेकरं, असं पुष्कळ होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोरेभाऊंनी सगळ्यांत जास्त. तासाभरात आम्हाला गाडीत घालून चौकीवर नेलं. टेबलाशी एक कारकून वही उघडून बसलेला. रांगेत मोरेभाऊ, मागे मी, माझ्या मागे आबा.

"नाव?"

"किसन धोंडी मोरे."

"धंदा?"

"गिरणीत साचेवाला."

"पगार?"

मोरेभाऊंनी सांगितला. कारकुनानं मान वर केली. बहुधा त्याच्याहून जास्त होता.

"लग्न?"

"ठरतंय."

"ठरतंय असा रकाना नाही. झालंय की नाही?"

"नाही."

"एवढा पगार आणि नाही?" कारकून पुटपुटला. "मोरे. मराठा लिहितो."

बारा वर्षांपूर्वी गेटावर जे घडलं तेच पुन्हा घडत होतं. नुसती मान खाली घालायची होती. मी मागून त्यांची मान पाहत होतो.

"लिहू नका," मोरेभाऊ म्हणाले. "बौद्ध लिहा. आधीचा महार."

कारकुनाचा टाक थांबला. "महार आणि साचेवाला? दोन्हीतलं एक खोटं आहे. कुठलं खोडू?"

"काही खोडू नका. बारा वर्षं माझ्या साच्यावरनं कापड निघतंय. तुमच्या अंगावरचा सदराही असेल त्यातला."

माझ्या मानेवर आबांचा श्वास लागत होता, तो लागेनासा झाला. मागे वळून पाहिलं तर आबा दोन पावलं मागे सरकले होते. सत्याग्रहातून नव्हे, रांगेतून.

आठवडाभर आम्ही तुरुंगात होतो. एका बादलीतलं वरण, एका रांगेत पंगत. पहिले दोन दिवस आबा मोरेभाऊंपासून लांब बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ती म्हस तरी खरी काय रे?"

"नाही, आबा."

आबांना सगळ्यांत जास्त दुःख त्याचं झालेलं दिसलं. मी धीर करून म्हणालो, "आबा, आपण सगळे एकाच बादलीतलं जेवतोय की."

"तुरुंगात चालता," आबा म्हणाले. "ह्या काय घर नाय."

मोरेभाऊ तिकडून म्हणाले, "नाक्यावरचं भाषण ऐकून वाटलं होतं, खरं करून बघावं. तुम्ही चांगलं बोलता, आबा."

सुटलो तेव्हा हार मिळाले. दुसऱ्या दिवशी मोरेभाऊ कामावर गेले तर बातमी आधीच पोचलेली, साचेखात्यातले साचे बंद. माणसं भिंतीला टेकून उभी. ज्या जॉबरनं त्यांना मराठा केलं होतं, तोच छातीवर हात ठेवून सांगत होता, "मला फसवला ह्यानं." युनियनचा माणूस आला. म्हणाला, अन्याय आहे, शंभर टक्के अन्याय आहे, पण सध्या मुंबईचा प्रश्न मोठा आहे, हा नंतर बघू. मोरेभाऊंना काढलं नाही. रिंगखात्यात बदली केली. खुशीनं गेले, असा कागद केला.

त्यांचे दोन साचे मला दिले. जॉबर म्हणाला, "त्याच्याच हाताखाली शिकलास. तुला सवय आहे." मी कायम झालो. बाकीच्यांना धोटे जाळून टाकायचे होते, पण धोटा महाग लाकडाचा असतो, कंपनी देईना. मग घडीखात्यातून आबा आले आणि त्यांनी तोड काढली. लालबागच्या तबेल्यातून गोमूत्र आणलं, धोट्यांवर शिंपडलं, आणि काम सुरू झालं. पुढच्या कांडीला मी तोंड लावून सूत ओढलं. गोमूत्राची चव लागली. बदलीत मोरेभाऊंचा तोच धोटा कितीदा तोंडाला लावला होता; त्यांची चव कधी लागली नव्हती.

मी साचा चालू ठेवला. गावाला आई होती, बहिणी होत्या.

संध्याकाळी मोरेभाऊ ट्रंक न्यायला आले. पेला, ताट, धोतरं, दाढीचं सामान. मी काहीतरी सांगायला लागलो. ते म्हणाले, "तू घेतलेस ते बरं झालं. दुसऱ्या कुणी वाट लावली असती. तुला निदान मी शिकवलंय." खोलीत बाकीचे भिंतीकडे तोंड करून काही ना काही करत होते. आबा चुलीत फुंकर घालत होते. चूल पेटलेली होती.

चौकीवरचं उत्तर कानावर गेलं म्हणून शेवंता पुनव उलटल्यावरही थांबली होती; पुढच्या रविवारी भायखळ्याला त्यांचं लग्न झालं. मला बोलावणं होतं. मी गेलो नाही. साच्यांवर जादा पाळी लागली होती.

राज्य झालं त्या वर्षाची गोष्ट. आबांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. माझं लग्न झालेलं होतं, बायको मुंबईला आणली होती. सासऱ्यांनी खातं विचारलं होतं. मी साचेखातं म्हटलं, आणि बाकी बोलणी सुपारी फुटेपर्यंत हसतखेळत झाली. एका सकाळी आम्ही दोघं भायखळ्याच्या भाजीबाजारात गेलो. तिथे मोरेभाऊ फ्लॉवरच्या गड्ड्यावर घासाघीस करत होते. अंगावर रिंगखात्यातले कापसाचे पांढरे तंतू, केसांतसुद्धा. अंगानं उतरले होते. खांद्यावर दीड-दोन वर्षांची मुलगी, बाजूला शेवंता, हातात पिशवी. मी मागच्या मागे वळणार होतो, पण त्यांनी पाहिलं.

"काय दत्तू? डावा साचा कसा चालतोय?"

"बरा आहे. थंडीत पट्टा घसरतो."

"राळ लाव त्याला. थोडी. जास्त लावलीस तर सूत तुटेल." मग माझ्या बायकोकडे पाहून नमस्कार केला. "लग्न केलंस तर. साचेवाल्याला मुलगी चांगली मिळते, मी ऐकून होतो."

शेवंता हसली. मला नाही हसू आलं.

"एकदा या दोघं," मोरेभाऊ म्हणाले. "पुलाच्या पलीकडेच आहे. हिच्या हातचं कालवण खाऊन जा."

"येऊ की," मी म्हणालो.

ते निघाले. बायकोनं विचारलं, "कोण हो?"

"आमच्या खोलीत होते पूर्वी."

"त्यांनी या म्हटलं. तुम्ही एका शब्दानं घरी या म्हणाला नाहीत. काय वाटलं असेल त्यांना?"

तिचं बरोबर होतं. नुसत्या ओळखीच्यालाही कुणी या म्हटल्याशिवाय सोडत नाही, हे तर आपलं माणूस. मी दोन पावलं पुढे गेलो, हाक मारायला तोंड उघडलं, आणि आमच्या चाळीचा जिना, त्याच्या तोंडाशी खाट टाकून बसलेले आबा, माझ्या डोळ्यांपुढे आले. पुढे गर्दीत शेवंता दिसेनाशी झाली, मग मोरेभाऊंची पाठ. सगळ्यांच्या डोक्यांवरून मुलगी तेवढी दिसत राहिली. बापाचे केस मुठीत धरून ती पुलाच्या दिशेनं चालली होती, आणि तोंड मागे वळवून आमच्याकडे बघत होती.